वर्षानुवर्षे वाट पाहिलेला उत्तरभाग कसा पाहावा आणि त्यावर मत कसे बनवावे

प्राचीन वस्तूंच्या शोधात निघणाऱ्या इंडियाना जोन्स या पुरातत्त्वज्ञाच्या साहसपटांच्या मालिकेतला तिसरा चित्रपट १९८९ मध्ये आला आणि चौथा यायला २००८ साल उजाडले. मधली एकोणीस वर्षे मी अमळनेरात वाट पाहण्यात घालवली आणि मे महिन्यातल्या एका दुपारी जळगावच्या चित्रपटगृहातून बाहेर पडल्यावर पाच मिनिटांच्या आत ‘वाया गेला’ असे मत मित्रांना ऐकवून मोकळा झालो. ते मत पुढची पंधरा वर्षे टिकले, कारण ते मी एकदाही तपासले नाही. २०२३ च्या जूनअखेरीस पाचवा चित्रपट आला, तेव्हा मात्र आधी तयारी करून, वहीत नोंदी ठेवून पाहिला आणि त्या निमित्ताने चौथाही पुन्हा पाहिला. एकदा चुकून आणि एकदा नीट पाहून जी रीत हाती लागली, ती इथे मांडतो. उदाहरणे माझ्या आवडत्या मालिकेतली असली, तरी आपण ज्या कोणत्या साहसपटाची वाट पाहत असाल त्याला ही रीत लागू पडेल.

आधीचे काही आठवडे

पहिले काम वहीचे आहे. जुने चित्रपट पुन्हा पाहण्याआधी, निव्वळ आठवणीच्या आधारावर, ते आपण केव्हा, कुठे आणि कोणाबरोबर पाहिले, त्यातले काय आठवते, हे एका पानावर लिहून काढावे. हा क्रम मोडू नये. आधी चित्रपट पाहिला तर आठवण त्याच्याबरहुकूम दुरुस्त होऊन बसते आणि आपण इतकी वर्षे नेमकी कशाची वाट पाहत होतो हे कळायचे राहून जाते.

माझ्या पानावरची पहिली नोंद अशी आहे. गल्लीत वर्गणी काढून एका रात्रीपुरता व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणलेला. ओट्यावर सतरंज्या, अंगणात खाटा. दोन हिंदी चित्रपट संपल्यावर, रात्री एकच्या सुमारास, शेवटची म्हणून लावलेली इंडियाना जोन्सच्या पहिल्या चित्रपटाची इंग्रजी कॅसेट. इंग्रजी समजणारे गल्लीत कोणीच नव्हते. तरीही गुहेतला तो प्रचंड धोंडा गडगडत आला, तेव्हा खाटेवर बसलेल्या माझ्या आजीने दोन्ही पाय पटकन वर ओढून घेतले. ही नोंद लिहून झाल्यावर माझ्या ध्यानात आले की, मी ज्याची वाट पाहत होतो त्यात चित्रपटाचा वाटा निम्माच होता. उरलेला वाटा त्या ओट्याचा, आजीचा आणि माझ्या अकराव्या वर्षाचा होता. ओटा परत आणून देणे कोणत्याही दिग्दर्शकाच्या हातात नाही, आणि तो दिला नाही म्हणून त्याच्यावर रुसणे न्यायाचे नाही. २००८ मध्ये मी नेमके तेच केले होते.

दुसऱ्या पानावर अपेक्षा लिहाव्यात, परंतु ‘चांगला असावा’, ‘जुनी मजा यावी’ अशा मोघम नकोत. पडद्यावर दिसली की नाही हे सांगता येईल अशी प्रत्येक अपेक्षा असावी. मी लिहिले होते: प्रवास दाखवणारी, नकाशावरून सरकणारी लाल रेघ असावी; नायकाला वाटणाऱ्या सापांच्या भीतीचा उल्लेख यावा; नायकाने मार खावा आणि तो त्याला लागावा; शोधाची वस्तू इतिहासात पाय रोवून असावी. शेवटची अपेक्षा पुष्कळ अंशी पूर्ण झाली, कारण पाचव्या चित्रपटातले यंत्र ज्यावरून सुचले ते अँटिकायथेराचे यंत्र खरोखरच अस्तित्वात आहे. ग्रीसजवळ समुद्रात बुडालेल्या एका प्राचीन जहाजातून १९०१ मध्ये ते वर काढले गेले आणि आज अथेन्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. चित्रपटाने त्याला दिलेली शक्ती अर्थातच कल्पनेतली आहे.

मग जुने चित्रपट पाहावेत, पण नव्याच्या आदल्या रात्री नव्हे. किमान दोन-तीन आठवड्यांचे अंतर असू द्यावे, म्हणजे डोळ्यांत ताजी तुलना उरत नाही. या मालिकेत एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते: १९८१ चा पहिला चित्रपट १९३६ सालात घडतो, तर १९८४ चा दुसरा १९३५ मध्ये, म्हणजे दुसरा भाग कथेच्या हिशेबाने पहिल्याच्या आधीचा आहे. पुन्हा पाहताना निदान एका पाठलागाच्या वेळी आवाज पूर्ण बंद करावा. पहिल्या चित्रपटातला मालमोटारीचा पाठलाग मी असा पाहिला आणि आमच्या गल्लीला तो इंग्रजीवाचून का समजला होता हे उलगडले. नायक मालमोटारीखाली जातो, चाबकाच्या आधाराने धुळीतून फरफटत मागे येतो आणि पुन्हा वर चढतो. या प्रत्येक टप्प्यावर तो आता कुठे आहे, त्याच्या हातात काय आहे आणि धोका कोणत्या बाजूने येतो आहे, हे निव्वळ चित्रांवरून कळते. गाडीखालचे ते फरफटणे टेरी लिओनार्ड या स्टंटमनने प्रत्यक्ष केलेले आहे. ही कसोटी हाताशी असली की उत्तरभाग तपासणे सोपे जाते.

जुने चित्रपट पाहताना जे खटकेल तेही वहीत उतरवावे, कारण प्रेमापोटी खटकलेले लपवून ठेवणारा चाहता पुढे नव्या चित्रपटावर सगळा राग काढतो. दुसरा चित्रपट भारतात घडतो, पण पटकथेत बदल हवेत असा आपल्या सरकारचा आग्रह होता, त्यावर जुळले नाही आणि चित्रीकरण श्रीलंकेत झाले. अमरीश पुरींचा खलनायक मोलाराम मला आजही जबरदस्त वाटतो. राजवाड्यातल्या जेवणात माकडाचे मेंदू वाढणारा प्रसंग मात्र तेव्हाही झोंबला होता आणि आजही झोंबतो. याच चित्रपटात नायक पवित्र शिळा गावाला परत आणून देतो, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे. आम्हा खान्देशातल्या मुलांना अजिंठ्याच्या सहलीनंतर या गोष्टी अधिक जवळच्या झाल्या. वाघाच्या शिकारीला निघालेल्या जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला २८ एप्रिल १८१९ रोजी तिथली लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपले नाव कोरून ठेवले. लहानपणी त्या अक्षरांचे मला अप्रूप वाटले होते. आता तिथे उभा राहिलो की खांबावरच्या चित्राला झालेली इजाच आधी दिसते. साहसपटातला नायक जुनी वस्तू कोणासाठी शोधतो आणि अखेर ती कोणाच्या हाती जाते, हा प्रश्न म्हणूनच माझ्या वहीत प्रत्येक भागापुढे लिहिलेला आहे.

ट्रेलर एकच पाहावा, तोही एकदाच. त्याऐवजी पडद्यामागची माणसे कोण आहेत ते जाणून घ्यावे. त्याने कथा फुटत नाही आणि अपेक्षा ठिकाणावर येतात. मॅड मॅक्स या दुसऱ्या एका साहसपटमालिकेचा चौथा चित्रपट २०१५ मध्ये तीस वर्षांनी आला, तेव्हा नायकाचा नट बदलला होता पण दिग्दर्शक जॉर्ज मिलरच होता. इंडियाना जोन्सच्या पाचव्या भागात नेमके उलटे झाले: हॅरिसन फोर्ड तोच, पण पहिले चार चित्रपट करणाऱ्या स्टीव्हन स्पीलबर्गच्या जागी जेम्स मँगोल्ड आला. संगीत मात्र पाचही चित्रपटांना जॉन विल्यम्सचेच आहे. कोणता धागा टिकला आणि कोणता तुटला हे आधी माहीत असले, की ‘काहीतरी हरवले आहे’ या धूसर तक्रारीला नाव देता येते.

कथेचा काळही पाहून ठेवावा. चौथा चित्रपट १९५७ मध्ये घडतो, आणि पहिल्या तिघांमागे जशा १९३०-४० च्या दशकांतल्या चित्रपटगृहांत लागणाऱ्या साप्ताहिक साहसमालिका होत्या, तसे याच्यामागे १९५० च्या दशकातले परग्रहवासीयांचे स्वस्त विज्ञानपट असावेत, हा मालिकेची मूळ कल्पना ज्याची, त्या जॉर्ज लुकासचा विचार होता. मला २००८ मध्ये हे ठाऊक असते, तर परग्रहवासी आवडले असतेच असे नाही. पण ते कुठून टपकले म्हणून चिडलो नसतो.

भाषा, आवाज आणि पडदा

आपल्या भागात इंग्रजी चित्रपट बहुधा हिंदी डबिंगमध्येच लागतो आणि मुळातल्या भाषेत पाहायचा तर अनेकदा नाशिकपर्यंत जावे लागते. डबिंग पाहण्यात कमीपणा मानू नये, मात्र आपण कोणत्या भाषेत पाहिला ते मत देताना सांगितलेच पाहिजे, कारण त्याने चित्रपट खरोखर बदलतो. पाचव्या चित्रपटाची सुरुवात १९४४ मध्ये होते आणि जुन्या चित्रफितींच्या साहाय्याने संगणकावर घडवलेला तरुण फोर्ड आपल्याला दिसतो. पाहणाऱ्यांचा मुख्य आक्षेप असा होता की, चेहरा तरुण असला तरी आवाज ऐंशीच्या घरातल्या माणसाचा येतो. जळगावात हिंदीत पाहताना मला हे जाणवलेच नाही, कारण आवाज मुळात दुसऱ्याचाच होता, आणि तो भाग मला निर्दोष वाटला. पुढे घरी मूळ इंग्रजीत पाहिल्यावर पहिल्याच वाक्याला दचकलो. दोन्ही मते खरी आहेत, पण ती दोन वेगळ्या चित्रपटांबद्दलची आहेत.

चित्रपटगृह निवडताना पडद्याच्या आकाराआधी आवाजाची चौकशी करावी. या मालिकेचा निम्मा थरार कानांतून येतो. पहिल्या चित्रपटातल्या त्या धोंड्याचा आवाज ध्वनिरचनाकार बेन बर्टने खडीच्या उतारावरून होंडा मोटार घरंगळत सोडून ध्वनिमुद्रित केला होता. आजीचे पाय खाटेवर गेले ते त्या आवाजाने. २००८ च्या त्या दुपारी मात्र भारनियमन चालू होते, चित्रपटगृहाचा जनरेटर घरघरत होता, गारवा नावालाही नव्हता आणि निम्मे संवाद त्या घरघरीत बुडाले. चित्रपटगृहाचे नाव घेण्यात अर्थ नाही. सांगायचे एवढेच की, आमच्याकडच्या मे महिन्यात तीनचा खेळ पाहायचा असेल तर आधी कोणाला तरी विचारून खात्री करावी, नाहीतर सरळ रात्रीचा खेळ गाठावा.

मध्यंतराचाही विचार करून ठेवावा. हे चित्रपट मध्यंतर धरून बनवलेले नसतात. आपल्याकडे तो मध्येच कुठेतरी कापला जातो आणि बऱ्याचदा ऐन रंगात आलेला प्रसंग तुटतो. पहिला चित्रपट ११५ मिनिटांचा होता, पाचवा १५४ मिनिटांचा आहे. त्यामुळे ‘दुसरा अर्धा भाग ढिला पडला’ असे म्हणण्याआधी मध्यंतराच्या दहा मिनिटांत आपण काय केले ते आठवावे. फोन उघडून बसलो असू, तर तो ढिलेपणा कदाचित आपलाच असेल.

अंधारात बसल्यावर

इथे सांगण्यासारखे थोडेच आहे. वही घरी ठेवावी आणि अपेक्षांचे पान मनात चाळत बसू नये. ओळखीची धून वाजली, टोपीची सावली भिंतीवर पडली आणि डोळे भरून आले तर येऊ द्यावेत. शिट्टी मारावीशी वाटली तर मारावी. एवढी वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला तेवढा हक्क आहे.

शक्य असेल तर सोबत असे कोणी न्यावे, ज्याने वाट पाहिलेली नाही. २०२३ मध्ये मी अकरा वर्षांच्या भाच्याला नेले. या मालिकेतला त्याने पाहिलेला तो पहिलाच चित्रपट. माझा कंठ दाटून आला तेव्हा तो पाण्याची बाटली शोधत होता, आणि मोरोक्कोतल्या टँजियर शहराच्या गल्लीबोळांतला तीनचाकी रिक्षांचा पाठलाग सुरू झाल्यावर मात्र खुर्चीच्या टोकाशी येऊन बसला. आमच्याकडे स्टँडवर उभ्या असणाऱ्या रिक्षेसारखीच ती रिक्षा, आणि ती असली धावते, हा आनंद त्याला कोणत्याही पूर्वपुण्याईशिवाय मिळाला होता. कोणता प्रसंग स्वतःच्या बळावर उभा आहे आणि कोणता जुन्या आठवणीवर उसनवारीने चालला आहे, हे त्याच्या बसण्यावरून मला कळत गेले.

बाहेर पडल्यावर

हीच सर्वांत अवघड वेळ असते, कारण लोक विचारतात. जळगावहून अमळनेरला परतताना पॅसेंजरमध्ये ओळखीचे कोणी ना कोणी भेटतेच आणि ‘काय भो, कसा शे पिच्चर?’ हा प्रश्न ठरलेला असतो. ‘पाहिला, आता दोन दिवसांनी सांगतो’ एवढेच उत्तर द्यावे. एकदा मोठ्याने दिलेले मत मागे घेणे माणसाला जड जाते. मग आपण चित्रपटाची नव्हे, आपल्या शब्दाची पाठराखण करू लागतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन हाती घेण्याआधी, जी तीन दृश्ये आपोआप डोळ्यांसमोर येतील ती लिहावीत. त्यानंतर अपेक्षांचे पान उघडून प्रत्येकीपुढे झाली किंवा नाही असे लिहावे. तिसरा रकाना परिस्थितीचा: ऊन, आवाज, खुर्ची, पोट, सोबत. चित्रपटाच्या खात्यावर काय मांडायचे आणि जनरेटरच्या खात्यावर काय, हे या रकान्यात वेगळे होते.

मग ज्या प्रसंगाने सर्वाधिक राग आला तो एकच घ्यावा आणि रागाचे कारण शोधावे. चौथ्या चित्रपटात नायक अणुचाचणीसाठी उभारलेल्या खोट्या गावात सापडतो, भोंगा वाजतो आणि तो शिशाचे अस्तर असलेल्या फ्रिजमध्ये शिरून बचावतो. ‘अशक्य’ म्हणून जगभर या प्रसंगावर टीका झाली आणि मीही तेच म्हणत होतो. पण दुसऱ्या चित्रपटात तो हवा भरलेल्या तराफ्यावर बसून विमानातून उडी मारतो, बर्फावरून घसरतो आणि नदीत जाऊन पडतो. ते काय शक्य आहे? आणि ते तर आम्ही टाळ्या वाजवून पाहिले होते. दोन्ही प्रसंग एकामागोमाग पाहिल्यावर मला कारण सापडले. तराफ्यावर तो आणि त्याचे सोबती शेवटपर्यंत धडपडत असतात, आणि आपण त्यांच्याबरोबर एकेक आपत्ती पार करतो. फ्रिजचे दार लावल्यावर नायकाकडे करण्यासारखे काहीच उरत नाही. आपण लांबून एक खोके उडताना पाहतो. माझी तक्रार अशक्यतेबद्दल नव्हती, नायकाला रिकामा बसवल्याबद्दल होती. असे नेमके कारण हाती येईपर्यंत प्रसंगाला वाईट म्हणू नये, हा नियम मी आता पाळतो.

गल्ल्याचे आकडे या कामी उपयोगाचे नाहीत. २००८ मध्ये जगभरच्या कमाईत हाच चित्रपट दुसऱ्या क्रमांकावर होता, आणि त्यावर सर्वाधिक नाराज होते ते त्याचे जुने चाहतेच.

दुसऱ्यांदा पाहणे मी अत्यावश्यक मानतो. पहिल्या वेळी आपण वाट पाहण्याचा शेवट पाहत असतो. दुसऱ्या वेळी चित्रपट दिसतो. चौथा चित्रपट पंधरा वर्षांनी पाहताना शेवटच्या, नायकाच्या लग्नाच्या प्रसंगाशी मी थबकलो. चर्चचे दार वाऱ्याने उघडते, खुंटीवरची टोपी खाली पडून घरंगळत त्याच्या तरुण मुलाच्या पायाशी येते. तो ती उचलतो, डोक्याशी नेतो, आणि तेवढ्यात बाप जाता जाता सहज ती त्याच्या हातातून काढून घेतो आणि वधूसह बाहेर पडतो. संवाद एकही नाही. आवाज बंद ठेवला तरी सगळे कळते. २००८ मध्ये हा प्रसंग मी पाहिला असणारच, पण माझ्या डोक्यात तेव्हा फ्रिज आणि परग्रहवासीच फिरत होते. मधल्या वर्षांत माझ्या वडिलांनी शेती माझ्याकडे सोपवली होती. पाण्याच्या मोटारीच्या खोलीची किल्ली मात्र पुढे दोन वर्षे त्यांच्याच सदऱ्याच्या खिशात असे. तो हात टोपीकडे जाताना पाहून मला ती किल्ली आठवली आणि चित्रपट तिथेच थांबवून मी बराच वेळ बसून राहिलो.

इतरांसाठी लिहायचे झाल्यास सुरुवातीलाच आपले नाते सांगावे: पहिला भाग कोणत्या वयात पाहिला, नवा कोणत्या भाषेत, कितव्यांदा. कथा मध्यंतराच्या पुढे सांगू नये. दहा प्रसंगांवर एकेक वाक्य लिहिण्यापेक्षा एकाच प्रसंगावर दहा वाक्ये लिहावीत, म्हणजे न पटणाऱ्यालाही आपण काय पाहिले ते समजते. तारे किंवा गुण देऊ नयेत. पाचपैकी साडेतीन या आकड्यात आजीचे पाय बसत नाहीत. जुन्या नटाच्या वयाबद्दल लिहिताना शब्द जपून वापरावेत. पहिल्या चित्रपटाच्या वेळी फोर्ड ३८ वर्षांचा होता, पाचव्याच्या वेळी ८० वर्षांचा, आणि आपणही त्याच्याबरोबरच तेवढी वर्षे चाललो आहोत.

दुसऱ्यांदा पाहिल्यावर मत बदलले तर पहिले खोडू नये. त्याच पानावर खाली तारीख टाकून नवे लिहावे आणि पुढे जागा सोडावी. माझ्या वहीत पाचव्या चित्रपटाच्या पानावर आजवर तीन नोंदी झाल्या आहेत: पहिली २ जुलै २०२३, जळगाव, हिंदी, सोबत भाचा, बाकीच्या दोन घरच्या, मूळ इंग्रजीतल्या. समासात भाच्याच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेले आहे, ‘मामा, रिक्षावाला भाग परत लावा.’